हळदीला टीनाचं गाणं

डीजेवाल्याने टीनाचं गाणं लावलं आणि वीरण्णांच्या हातातला विडा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

उदगीरच्या मंगल कार्यालयात पाटावर त्यांची लेक दामिनी बसली होती, कानापर्यंत हळद माखलेली. वरमाय उमाबाई मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. "ऊठ गं सूनबाई! आमच्याकडं नवरी नाचल्याबिगर हळद रंगत न्हाई."

मुखेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वीरण्णांची आडत. माणूस सरळ. तराजूला कधी बोट लावलं नाही. पण धंद्यातली एक गोष्ट त्यांच्या हाडात मुरली होती. सोयाबीनने ओल धरली, की चार लोकांना वास यायच्या आत मिळेल त्या भावाने माल उठवायचा. वास बाजारात पसरला की पोत्याला कोणी हात लावत नाही.

टीना मुंबईची गायिका. गाते बरी, पण लोक तिला ऐकतात कमी आणि बघतात जास्त. तिच्या कपड्यांवरून मुखेडात दोन पक्ष होते. एक म्हणे, या बाईने आपल्या पोरी बिघडवल्या. दुसराही तेच म्हणे, फक्त व्हिडिओ शेवटपर्यंत बघून झाल्यावर. वीरण्णा पहिल्या पक्षाचे पुढारी. शाळेच्या गॅदरिंगला तिचं एकही गाणं वाजू नये म्हणून ते मुख्याध्यापकांना जाऊन दम देऊन आले होते.

आणि त्याच टीनाच्या गाण्यावर दामिनी नाचली. लातूरला, हॉस्टेलच्या गच्चीवर. नीटचं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं, तिचं दुसरं वर्ष. सराव परीक्षेत सातशेवीसपैकी पहिल्यांदाच सहाशेच्या वर गेली, त्या संध्याकाळी. स्वप्नाली नावाच्या मैत्रिणीने हौसेने व्हिडिओ काढला आणि टाकला. कंबर टीनासारखी, डोळा मारणंही टीनासारखं. अंगात मात्र ढगळ टी-शर्ट आणि केसांना चपचपीत तेल. फिरत फिरत तो समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. खाली नाव नव्हतं. वीरण्णांना नावाची गरज पडली नाही.

ते ओरडले नाहीत. जीप घेऊन लातूरला गेले, पुस्तकं तिथेच ठेवली आणि पोरीला तेवढं घेऊन आले.

"अप्पा, आता थोडंच राहिलंय. पेपर तेवढा देऊ द्या," दामिनी गाडीत म्हणाली.

"त्या बाईनं तुला नासवलं." वाटेत ते बोलले ते एवढंच.

घरी तिची आई महादेवी मधे पडली. "नाचलीच तर हाय. कुनाचा हात धरून गेली न्हाई."

"तुला बाजार कळत न्हाई," वीरण्णा म्हणाले.

त्यांना कळत होता. एका पारड्यात पोरीचं डॉक्टर होणं, दुसऱ्यात चार लोकांचं नाक मुरडणं. पारडं नाकांकडे झुकलं.

पुढच्याच आठवड्यात उदगीरहून, कापडवाल्या संगप्पांच्या घरून विचारणा आली. मुलगा महांतेश दुकान सांभाळणारा, निर्व्यसनी. यांना अजून काही कळलेलं दिसत नाही, महादेवच पावला, असं म्हणून वीरण्णांनी दुकान गड्यावर टाकलं आणि उदगीरच्या फेऱ्या सुरू केल्या. निरोपावर निरोप पाठवून जवळचा मुहूर्त काढून घेतला. निघाला तो सोमवारचा. हळद आदल्या रविवारी. नीटही त्याच रविवारी. दामिनीने कॅलेंडरकडे पाहिलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली.

आता फक्त उद्याच्या अक्षता पडायच्या राहिल्या होत्या. आणि नेमकं हे गाणं.

वीरण्णा गर्दीतून वाट काढत पाटाजवळ आले, वाकले. कपाळाचा घाम हळदीत ठिबकला. "येत न्हाई म्हण. एक पाऊल टाकलंस की कळंल यांना. आजचा दिवस निभावून ने, माय."

दामिनीने मान खाली घातली. "मला नाचायला येत न्हाई," ती म्हणाली.

उमाबाईला हसू आवरेना. "येत न्हाई म्हणून राहिली! अगं, गच्चीवर कशी नाचली होतीस! महांतेशनं तो व्हिडिओ दाखवला तवाच मी म्हणलं, अशी हसरी पोरगी घरात पाहिजे. दुसऱ्याच दिवशी यांना चौकशीला लावलं."

गाण्याच्या दणक्यात वीरण्णांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही... बघितला होता?"

"आम्हीच काय, या मांडवातल्या निम्म्या बायांनी बघितलाय, व्याही. पोरी नाचत्यातच की. ती टीना कशी का असंना, आपली पोर तर आपल्याला दिसती ना?" उमाबाईने दामिनीच्या गालावरची हळद मायेने पुसली. "आम्ही तर म्हणत होतो, परीक्षा होऊ द्या, डॉक्टर होऊ द्या, पाच-सहा वर्षं थांबतो. लई हौस होती मला डॉक्टरीण सुनेची. तुम्हीच बोललात, पोरीला शिकायचंच न्हाई म्हणून."

दामिनीने मान वर केली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

कोपऱ्यातून महादेवी नवऱ्याकडे बघत राहिली. डीजेवाल्याने आवाज अजून चढवला. पोरीबाळींनी दामिनीचे दोन्ही हात धरून तिला पाटावरून उठवलं.

जाता जाता ती वडिलांपाशी क्षणभर थांबली. बाहेर उन्हं कलली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "पेपर सुटला असंल आता."