अपिलातली साक्ष

"साक्षीदार कशाला आणलात?" वकिलाने कपाळावर हात मारला. "बाई, हे अपिलाचं ट्रिब्यूनल आहे. इथे फक्त खालच्या कोर्टाचे कागद वाचतात."

धुरपदाबाईला वाटलं होतं, मोठं कोर्ट जास्त ऐकून घेत असेल. म्हणून तर तिने आनंदाला पारोळ्याहून आणलं. प्लेगच्या साली सारं सुरत पळालं, तेव्हा शेठच्या यंत्रमाग कारखान्यात कामगार दोघंच राहिले होते, तिचा नवरा सुपडू आणि हा आनंदा. त्याच दिवसांत सुपडू गेला. तो दारू पिऊन रस्त्यावर मेला, असं शेठने लिहून दिलं आणि खालच्या कोर्टाने आनंदाला न विचारताच ते खरं धरलं. सुपडूने जन्मात बाटलीला हात लावला नव्हता. आता गल्ली तिला दारुड्याची बायको म्हणत होती. तेवढं पुसून मिळावं म्हणून ती अपिलात आली होती.

पुकारा झाला. आनंदा कुणाचं ऐकेना, थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"मन्हा डोयासमोर त्याले लूमवर करंट लागना, साहेब. पियेल नव्हता तो. त्याले उचलीसन रस्तावर टाकी दिन्हं यासनी." पुढचं खोकल्याने अडवलं.

टायपिस्टची बोटं हलली नाहीत. शेठ खाली बघत होता. साहेब भले, त्यांनी आनंदाला पाणी द्यायला लावलं. मग म्हणाले, "काका, यहाँ गवाही नहीं होती. ये मैंने सुना ही नहीं."

त्यांनी निकाल सांगायला घेतला आणि टकटक सुरू झाली. महत्त्वाचा साक्षीदार खालच्या कोर्टाने तपासला नाही, सबब निकाल रद्द, प्रकरण तिथेच पुन्हा चालवावं.

"जिंकलो, बाई!" वकील बाहेर येताच म्हणाला.

धुरपदाबाईचा जीव जळाला. समोर बोलणाऱ्या माणसाला ऐकायचं नाही आणि त्याला ऐकलं नाही म्हणून सगळं पहिल्यापासून. असली कसली मेली ही जीत!

आनंदा बाकावर छाती धरून बसला होता. शेठ आपणहून त्याच्याजवळ गेला आणि वाकून अगदी मायेने विचारू लागला, "काका, खांसी कब से है?"

"दिवाईपासून," आनंदा बिचारा खरं तेच बोलला. "डाक्टर म्हने, छाती पुरी खराब व्हई गयी."

शेठने मान हलवली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आपल्या वकिलाकडे वळला.

"नीचली कोर्टमां तारीख लांबी लेजो, वकीलसाहेब."