एक्केचाळीस नंबरची जागा

कॅन्ससमधल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या आमच्या छोट्या कॉलेजचा शंभर वर्षांचा इतिहास मी लिहीत होतो. पूर्वी तिथे सकाळची प्रार्थना सक्तीची होती आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. हजेरी घेणारी मुलगी सज्जातून खाली बघून फक्त रिकाम्या जागांचे नंबर वहीत लिहायची.

एक्केचाळीस नंबरची जागा कधीच कुणाला दिलेली नव्हती. तरीही कुठल्याच वहीत, एकाही दिवशी, ती रिकामी म्हणून लिहिलेली नव्हती.

साठ साली हजेरी घेणाऱ्या एल्डाबाई श्राग अजून गावातच राहतात. त्यांना विचारलं.

"रिकामी असती तर लिहिली नसती का? आमच्या कामात खोट काढू नका, मास्तर!"

दुपारी त्यांना प्रार्थनाघरात घेऊन गेलो. आम्हा दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी बेचाळीसवर बसलो. त्या वही घेऊन सावकाश सज्जात चढल्या.

"हलू नका हं, नाहीतर गैरहजर लावीन!" त्या वरून म्हणाल्या.

मी हललो नाही.

खाली येऊन त्यांनी वही माझ्या हातात दिली. एक ते दीडशे, सगळे नंबर ओळीने लिहिले होते. एक्केचाळीस तेवढा नव्हता.

बेचाळीस होता.