गोष्ट ऐकणारं मूल

आमच्या कॉलेजात यंदा स्पॅनिशला बालसाहित्य आहे. एका लहान मुलाला स्पॅनिश गोष्ट वाचून दाखवायची आणि त्याच्या हुंकारासकट रेकॉर्डिंग पाठवायचं. मूल शेवटपर्यंत ऐकत राहिलं, तरच वीस मार्क.

"रत्नागिरीत राहून ह्या भाषेचं काय लोणचं घालणार आहेस गो?" बांगडे साफ करता करता सासूबाईंनी विचारलं.

मी वाचायला बसले. दुसऱ्याच पानावर आमचा ऋत्विक शेजारच्या कोंबड्यांमागे पळाला. गेले वीस मार्क, म्हटलं. एवढ्यात मागून आवाज आला, "हं... मग?"

सासूबाई! एक शब्द कळत नव्हता, पण मी श्वास घ्यायला थांबले की त्यांचा हुंकार तयार. परातीतला एक बांगडा मांजराने नेला, तरी शेवटच्या पानापर्यंत त्या हलल्या नाहीत.

"उद्या दुसरी सांग हां," त्या म्हणाल्या. "आम्हाला लहानपणी कोण सांगत होतं?"

रेकॉर्डिंगसोबतच्या फॉर्मवर मुलाचं नाव आणि वय विचारलं होतं. ऋत्विकचं घालून मोकळी होणार होते, पण हात धजेना.


मुलाच्या नावापुढे लिहिलं : गोदा. वय वर्षं अडुसष्ट.