समकक्ष विषय

घैसास सरांनी पुन्हा लाल पेन उचललं आणि शलाका मेस्त्रीच्या परदेशातल्या सत्राच्या अर्जावरचा 'लाकडी बांधकाम' हा विषय खोडून तिथे 'काँक्रीट रचना' लिहिलं.

"आपल्या आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात जे नाहीच, त्याला विभागप्रमुख म्हणून मी मान्यता कशी देऊ? फिनलंडला जरूर जा, पण विषय इथलेच घे. म्हणजे सत्र वाया जाणार नाही."

पाचही विषय आता इथलेच झाले होते. अर्जाची मुदत आज संपत होती. सही नसेल तर जाणंच नाही, आणि या सहीवर जायचं तर तिथल्या बर्फात बसून पुण्याचाच अभ्यास करायचा. सावंतवाडीला तिचे बाबा जन्मभर सुतारकाम करत आले होते. लाकडाच्या आठ मजली इमारती असतात, हे तिच्याकडून ऐकून ते लहान मुलासारखे हरखले होते. त्यांना आता काय सांगायचं?

सरांनी सहीसाठी पेन टेकवलं.

"थांबा, सर." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "लाकडाचाच विषय राहू दे. त्याचे क्रेडिट्स इथे धरू नका. काँक्रीटचा पेपर मी परत आल्यावर देईन."

"अगं, तुझ्याबरोबरचे सगळे पुढे जातील. तू मागे राहशील."

"राहीन, सर."

सरांनी तो खोडलेला अर्ज बाजूला सारला. मग त्यांनी कपाटातून कोरा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला.

"पटापट लिही," ते म्हणाले. "डीनना पटवायला मलाच जावं लागणार."