बावन्न किलो जास्त

"बावन्न जास्त!" काटेवाला खिडकीतून ओरडला.

गाडी बोटीवर चढवायची तर वजनकाट्याची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी हवी तर माणसांसकट, सामानासकट साडेतीन हजार किलोंच्या आत बसायला हवं. ही बसत नव्हती. म्हाताऱ्याच्या मुलाने टाकीतलं पाणी मघाशीच सोडून दिलं होतं, तरी बावन्न उरलेच. मागे दोन ट्रक हॉर्न मारून जीव खात होते.

छोट्या ट्रकच्या पाठीवर केबिन चढवून केलेलं हे फिरतं घर. पलंग, बेसिन, खिडक्या मुलाने केल्या होत्या. वीज मात्र सगळी म्हाताऱ्याची. चाळीस वर्षं वायरमन म्हणून घासलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? छतावरच्या सोलर प्लेटा, इंजिन चालू असताना चार्जिंग करणारी जाड लाल केबल, फ्यूज, बॅटऱ्या, सगळं त्याने तीन आठवडे गुडघे मोडून बसवलं. मुलाने दोन बॅटऱ्या सांगितल्या होत्या, त्याही हलक्या, नव्या जातीच्या. म्हाताऱ्याने चार घातल्या. जुन्या, ॲसिडच्या, एकेक अठ्ठावीस किलोंची. हलक्या बॅटरीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

आणि चार का, तर त्याचं मशीन. रात्री नाकाला मास्क लावून ते चालवल्याशिवाय त्याला झोपता येत नसे, झोपेत श्वास अडकायचा. मशीनला एक जादा बॅटरी पुरली असती. पण लागेल त्याच्या दुप्पट धरायचं ही त्याची खोड, आणि इथे तर स्वतःच्या श्वासाचा प्रश्न! जादा बॅटऱ्या सूनबाईच्या गळी उतरवायच्या म्हणून त्यानेच तिला दाखवलं होतं, "हे बघ, दोनवर तुझी विजेची शेगडी लावली की इन्व्हर्टर बोंब मारून बंद पडतो. आता चारवर लाव." शेगडी चालली. तिच्यावर चहा झाला. सूनबाई अगदी खूश.

बेटावर म्हाताऱ्याची थोरली बहीण होती, नव्वदीला टेकलेली. फोनवर ती आता त्याचा आवाज ओळखत नव्हती. समोर उभा राहिलो की ओळखेल, असं मात्र त्याला ठाम वाटत होतं. हा सगळा खटाटोप त्याने तेवढ्यासाठीच केला होता.

"पाच मिनिटांचं काम आहे," म्हातारा म्हणाला. पाना त्याच्या खिशातच होता. "दोन बॅटऱ्या उतरवतो. छप्पन किलो गेले की बसतंय. रात्री फ्रिज बंद ठेवला की माझ्या मशीनला राहिलेल्या पुरतात."

"आणि शेगडी?" सूनबाईने विचारलं.

"शेगडी नाही चालायची. गॅसचा लहान सिलिंडर घेऊ या."

"बोटीवर सिलिंडर घेत नाहीत, तात्या."

"मग चहा बाहेर पिऊ. दहा दिवसांचा तर प्रश्न."

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं. मुलाने स्टिअरिंगवर बोटं वाजवली, आरशात मागचे ट्रक बघितले.

"बॅटऱ्या नका काढू, तात्या. इतकं छान बसवलंय तुम्ही, परत कशाला उसकटायचं?"

"अरे, चार नट सोडवायचे, त्यात काय उसकटायचंय!"

"राहू दे. तुम्ही जरा खाली उतरता का?"

म्हाताऱ्याला वाटलं, टायर बघायला सांगतोय. तो उतरला. मागोमाग त्याची कपड्यांची पिशवी आली, मग मशीनची बॅग. बॅग हातात पडली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आत्याकडे आम्ही जातोच ना," मुलगा खिडकीतून म्हणाला. "तिच्यासमोर बसून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावून देतो. आणि घराकडची बस इथूनच मिळते. तो बघा थांबा, समोरच."

"फोनवर ती ओळखत नाही रे मला."

"बघू ना, प्रयत्न करू."

म्हाताऱ्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला राग आला, आणि तोसुद्धा स्वतःचाच. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही चांगला छप्पन किलोंचा!

तेवढ्यात सूनबाईने पलीकडून मान पुढे काढली. "तात्या, ती पिवळी लाईट लागली तर काय करायचं म्हणाला होतात?"

"बॅटरी उतरलीय असं समजायचं. इंजिन अर्धा तास चालू ठेवायचं," म्हातारा म्हणाला. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचं, ही जन्माची सवय. "आणि शेगडी लावलीत तर फ्रिज बंद करा."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, आणि खरोखरच तिला बरं वाटलं होतं.

मागच्या ट्रकने पुन्हा हॉर्न दाबला. काटेवाला कावला. "ओ आजोबा! उतरलात खरे, पण उभे प्लेटवरच आहात. बाजूला व्हा, आकडा हलत नाहीये!"

म्हाताऱ्याने पायाखाली बघितलं. खरंच, लोखंडी प्लेट होती. त्याने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातात मशीन, आणि तो कडेच्या खडीवर जाऊन उभा राहिला.

"हां, बसलं!" काटेवाल्याने चिठ्ठी फाडून मुलाच्या हातात दिली. "अजून सहा किलो चालतील, साहेब. काही मागे राहिलं असेल तर घ्या चढवून."