ओली गोधडी

बिड्यांनी रक्तवाहिन्या आकसल्या, मूत्राशयाला रक्त पुरत नाही, म्हणून धोंडबाची लघवी थांबत नाही, असं डॉक्टरांनी काल शालिकरामला समजावलं होतं. आज सकाळी त्यानं बापाची ओली गोधडी बापाच्याच डोक्यावर ठेवली आणि त्याला दारात नेलं. “उभे राहा, बाबा. गल्लीले पाहू द्या.” “माह्या हातात नाही गा,” धोंडबा पुटपुटला. “माह्याबी नव्हतं,” शालिकराम म्हणाला. लहानपणी तो अंथरुणात मुतला की धोंडबाही त्याला गोधडी डोक्यावर देऊन याच दारात उभा करायचा. तांडापेठेतले विणकर माग थांबवून हसायचे. मग त्याची आई तुळसाबाई धावत येऊन गोधडी काढायची आणि त्यापायी नवऱ्याचा मार खायची. आत्ताही ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. धोंडबाच्या जिवात जीव आला. त्यानं मान पुढं केली. तिनं गोधडी नीट फिरवून ओला डाग गल्लीकडे केला.