रेडिएटरमधले बुडबुडे

यशोधरा मॅडमच्या गाडीच्या इंजिनातली गळती अडवणारं हेड गॅस्केट मी माझ्या हातानं बदललं होतं. उल्हासनगरात वीस वर्षं हेच करतोय. गळती बघायला इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा टाकला होता, त्यावर कूलंटचा, रेडिएटरातल्या हिरव्या पाण्याचा, एक थेंब नव्हता.

तरी रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी बुडबुडे येत होते. इंजिन बंद करून तास झालेला. वैतागून मी बॅटरीची वायरसुद्धा काढली. एक बुडबुडा फुटायचा, जरा थांबून दुसरा.

"शिवरामदादा, झालं का? पोरगी शाळेतून येईल, चिखलोली गाठायचंय मला," मॅडम मागून म्हणाल्या.

"दोनच मिनिटं, मॅडम. जरा बघू द्या ना!"

मी बोलत होतो तोवर बुडबुडे भराभर फुटले. गप्प झालो, तसे मंदावले.

मला काय वाटलं कोण जाणे, मी श्वास रोखला. हिरवं पाणी एकदम स्थिर झालं. श्वास सोडला आणि बुडबुडा आला.

मी पुन्हा श्वास रोखला.

मॅडम वाकून बघत होत्या. "थांबले की!" म्हणत त्यांनी रेडिएटरचं झाकण उचललं आणि त्याच्या तोंडावर घट्ट फिरवलं.

नको म्हणायला मी तोंड उघडलं. हवा आत येईना.